हॉटेलचा नाश्ता: खोलीच्या दरातच घ्यावा, तिथे गेल्यावर ठरवावे की नुसती खोली घ्यावी?

खोली बुक करताना एकाच खोलीपुढे दोन दर दिसतात, एक नाश्त्यासह आणि एक नाश्त्याविना. फरक किरकोळ वाटतो, म्हणून अनेक जण फारसा विचार न करता नाश्त्यासहचा दर निवडतात. मग एका सकाळी पहाटे पाचची टॅक्सी असते, दुसऱ्या दिवशी उठायलाच दहा वाजतात आणि मुलाचा नाश्ता दरात नव्हताच हे बिल हातात आल्यावर कळते. उलटही होते. नुसती खोली घेतलेला पाहुणा रोज त्याच बुफेला पूर्ण पैसे भरून बसतो आणि शेवटी नाश्त्यासहच्या दरापेक्षा जास्त खर्च करून निघतो.

म्हणून बुफेवर किती पदार्थ आहेत हे बघण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: तुम्ही किती सकाळी खरोखर टेबलाशी बसून खाणार आहात, आणि त्या नाश्त्याला कोणत्या अटी जोडलेल्या आहेत.

## दराच्या नावात काय दडलेले असते

हॉटेले दोन प्रकारची आद्याक्षरे वापरतात. एका पद्धतीत ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि आणखी एक जेवण, तर एपी म्हणजे तिन्ही वेळचे खाणे. दुसऱ्या पद्धतीत हेच आरओ, बीबी, एचबी आणि एफबी असे लिहितात. घोटाळा होतो तो सीपीमध्ये. ‘सी’ म्हणजे कॉन्टिनेन्टल, पण इथे तो दराचा प्रकार आहे. ‘कॉन्टिनेन्टल ब्रेकफास्ट’ हा मात्र नाश्त्याचा प्रकार आहे: पाव, क्रोसाँ, लोणी, जॅम, फळांचा रस, चहा-कॉफी. त्यात गरम पदार्थ सहसा नसतात. सीपी दरात भरगच्च गरम बुफेही मिळू शकतो आणि बीबी लिहिलेल्या दरात दोन क्रोसाँ आणि कॉफीही असू शकते. नाश्ता आहे की नाही यासोबत कोणता आहे हेही विचारावे. ‘फुल’, ‘हॉट’ किंवा ‘बुफे’ यांपैकी एखादा शब्द बुकिंगच्या कागदावर असेल तर तो नंतर उपयोगी पडतो.

नाश्ता रात्रींवर मोजतात. तीन रात्री राहिलात तर तीन नाश्ते, आणि ते त्या-त्या रात्रीनंतरच्या सकाळचे. ज्या दिवशी खोली घेता त्या सकाळचा नाश्ता यात येत नाही. सोडण्याच्या दिवशीचा येतो. रात्रीच्या गाडीने सकाळी सातला पोहोचून लवकर खोली मिळाली, तरी त्या सकाळी नाश्त्याला बसलात तर वेगळे पैसे पडतात. लवकर खोली देणे ही एक सवलत आहे आणि नाश्ता ही दुसरी; रिसेप्शनवरच्या माणसाने पहिली दिली म्हणून दुसरी मिळाली असे धरू नये.

## हिशेब कसा करावा

दोन दर शेजारीशेजारी ठेवताना आधी खोली रद्द करण्याच्या अटी सारख्या आहेत का ते पाहावे. नाश्त्याविनाचा दर परत न मिळणाऱ्या पैशांचा आणि नाश्त्यासहचा दर फुकट रद्द होणारा असेल, तर दिसणारा फरक नाश्त्याचा नसतोच. त्यातला मोठा भाग रद्द करण्याच्या सोयीचा असतो.

अटी सारख्या असतील तर एका रात्रीच्या दोन दरांतला फरक घ्या आणि त्याला खोलीतल्या माणसांच्या संख्येने भागा. हा झाला दरातल्या एका नाश्त्याचा भाव. आता हॉटेलला विचारा की त्या सकाळी नाश्त्याच्या दारात पैसे भरून बसल्यास एका माणसाचे किती होतात, आणि त्यात कर व सेवाशुल्क धरले आहे का. दरपत्रकात आकड्यापुढे दोन अधिक चिन्हे असतील तर सेवाशुल्क आणि कर वरून लागणार, असा त्याचा अर्थ असतो.

समजा दरातल्या नाश्त्याचा भाव दारातल्या भावाच्या ६० टक्के निघाला. तीन रात्रींपैकी तिन्ही सकाळी खाणार असाल तर दरातलाच घ्या, त्यात प्रश्नच नाही. दोनच सकाळी खाणार असाल तर दारात पैसे भरून तिन्ही दिवसांच्या पूर्ण खर्चाच्या ६७ टक्के लागतील, म्हणजे तरीही दरातला थोडा स्वस्त. एकच सकाळ खाणार असाल तर दारात ३३ टक्क्यांत काम होते आणि दरातला नाश्ता जवळजवळ दुप्पट महाग पडतो. हे गणित दोन मिनिटांचे आहे, पण ते करताना स्वतःशी खोटे बोलू नये. घरी सकाळी चहाशिवाय काही न घेणारा माणूस सुटीत रोज भरपेट नाश्ता करील, हा अंदाज सहसा चुकतो.

माणसांची संख्या हा दुसरा सापळा आहे. ‘नाश्त्यासह’ हा दर बहुधा दोन प्रौढांचा असतो. तिसरी व्यक्ती जादा गादीवर झोपत असेल तर तिच्या गादीच्या पैशांत नाश्ता आहे का, हे वेगळे विचारावे लागते. मुलांच्या बाबतीत तर दोन वेगळ्या वयोमर्यादा असतात. एक, आई-वडिलांच्या पलंगावर फुकट झोपण्याची. दुसरी, नाश्ता फुकट किंवा अर्ध्या भावात मिळण्याची. पहिली मर्यादा बारा वर्षे आणि दुसरी सहा वर्षे, असे असू शकते. बुकिंग करताना मुलांची खरी वये भरणे हाच यावरचा उपाय. वय कमी सांगून दारात वाद घालण्यात स्वस्ताई नाही आणि शोभाही नाही.

काही हॉटेलांत हा निर्णय करावाच लागत नाही. हॅम्पटन किंवा हॉलिडे इन एक्स्प्रेससारख्या साखळ्यांनी नाश्ता सगळ्यांच्याच दरात धरलेला असतो. तिथे तुलना करायची ती दुसऱ्या हॉटेलाच्या नुसत्या खोलीशी. हॉटेल-साखळीच्या सदस्यत्वाच्या दर्जावर मिळणारा नाश्ता मात्र नीट वाचून घ्यावा. तो बहुधा सदस्य आणि त्याच खोलीतला आणखी एक जण एवढ्यांनाच लागू असतो, शिवाय नियम बदलत राहतात. हिल्टनने २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या अनेक हॉटेलांत वरच्या दर्जाच्या सदस्यांना मोफत नाश्त्याऐवजी खाण्यापिण्यासाठी रोजची ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. ठरावीक रक्कम म्हणजे पूर्ण नाश्ता नव्हे. पदार्थ त्यापेक्षा महाग असतील तर वरचे पैसे तुमचे.

## चार तऱ्हा, शेजारीशेजारी

| तऱ्हा | कोणाला सोयीची | वेळ | कुठे बिघडते |
|---|---|---|---|
| बुफे | भूक मोठी, आवडी वेगवेगळ्या, घाई बेताची | ठरलेल्या तासांतच | गर्दी, निवलेले पदार्थ, ॲलर्जी |
| मेनूवरून मागवणे | मोजके आणि ताजे हवे असणारे, पथ्य पाळणारे | पदार्थ यायला १५ ते २५ मिनिटे | दरात किती पदार्थ धरले याचा घोळ |
| खोलीत मागवणे | आजारी, लहान बाळ सोबत असलेले, सकाळी काम असलेले | रात्रीच सांगावे लागते | वरचे शुल्क, मऊ पडलेला टोस्ट |
| बांधून घेणे | पहाटे निघणारे | आदल्या संध्याकाळी सांगावे लागते | ऐनवेळी तयार नसणे |

## बुफे: सर्वांत जास्त मुभा, सर्वांत जास्त नियम

बुफेची वेळ साधारण साडेसहा ते दहा किंवा साडेदहा असते आणि सुटीच्या दिवशी थोडी पुढे सरकते. लिहिलेली शेवटची वेळ आत येण्याची आहे की पदार्थ उचलण्याची, हे हॉटेलागणिक बदलते. शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत रिकामी भांडी पुन्हा भरत नाहीत. कामाच्या दिवशी साडेसात ते साडेआठ ही नोकरदार पाहुण्यांची गर्दी असते, सुटीच्या ठिकाणी शेवटचा तास तुंबतो. वेळ हाताशी असेल तर पहिल्या पाऊण तासात जावे. तेव्हा पदार्थ नुकतेच मांडलेले असतात आणि वेटरला तुमच्याकडे बघायला सवड असते.

लवकर जाण्यामागे चवीइतकेच महत्त्वाचे कारण आहे. गरम पदार्थ ज्या झाकणाच्या भांड्यात ठेवतात, त्याच्या तळाशी पाणी असते आणि त्याखाली जेलची ज्योत किंवा विजेची पट्टी. ते भांडे पदार्थ गरम ठेवते, गार पदार्थ गरम करत नाही. गरम पदार्थ साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहायला हवेत, कारण मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. झाकण उघडे टाकून पुढे गेलात की वरचा थर आधी निवतो. म्हणून झाकण लावणे हे शिष्टाचारापलीकडचे काम आहे. तुमच्यानंतर येणाऱ्याच्या पोटाची ती काळजी आहे. भुर्जीसारखी फेटलेली अंडी फार वेळ गरम राहिली की पिवळ्यातले लोह आणि पांढऱ्यातले गंधक मिळून त्यांना हिरवट छटा येते. ती विषारी नसते, पण ती अंडी बराच वेळ तिथे आहेत एवढे नक्की कळते. अशा वेळी ऑम्लेटच्या काउंटरवर ताजे करून मागावे.

उष्टी प्लेट घेऊन पुन्हा बुफेकडे जायचे नाही. आपल्याकडे उष्टे हा शब्द सगळ्यांना कळतो, तरी बुफेत हीच चूक सर्वांत जास्त होते, कारण ‘माझीच तर प्लेट आहे’ असे वाटते. अडचण प्लेटची नाही, वाढायच्या डावाची आहे. तो तुमच्या उष्ट्या प्लेटला टेकतो आणि परत सगळ्यांच्या भांड्यात जातो. अमेरिकेच्या अन्नसुरक्षा संहितेत स्वतः वाढून घेणाऱ्या ग्राहकाला वापरलेली प्लेट घेऊन पुन्हा वाढून घेऊ देऊ नये, असा स्पष्ट नियम आहे. पेल्यात पुन्हा पेय घेता येते, मात्र यंत्राच्या तोटीला त्याचा काठ लागता कामा नये. नवी प्लेट घेतल्याने ‘भांडी जास्त धुवावी लागतील’ असा संकोच करू नये. हॉटेलाने ते धरलेलेच असते.

डाव आणि चिमटे ज्या भांड्यातले त्याच भांड्यात परत ठेवावेत. सॉसेजचा चिमटा फळांत गेला की शाकाहारी माणसाचे फळांचे भांडे बाद होते. शेंगदाणे किंवा बदामांतला चमचा दह्यात गेला तर ॲलर्जी असलेल्या माणसाला तो थेट दवाखान्यात पोहोचवू शकतो. पाव हाताने उचलून, दाबून पाहून परत ठेवणेही याच जातीचे. एकदा हात लागला की तो पाव तुमचा.

फिरत्या पट्ट्याच्या टोस्टरमध्ये फक्त साधा पाव टाकावा. लोणी लावलेला पाव, चीज किंवा क्रोसाँ टाकला तर तूपट भाग वितळून खालच्या तापलेल्या सळईवर गळतो, धूर होतो आणि धुराची घंटा वाजली तर अख्खे हॉटेल बाहेर येते. जाड पाव अडकला तर काटा घालून ओढू नये, कर्मचाऱ्याला सांगावे. एका फेरीत पाव फिका निघाला तर दुसऱ्यांदा सोडावा. वेगाची कळ फिरवलीत तर मागच्याचा पाव जळू नये म्हणून ती पुन्हा जागेवर आणावी.

रांगेबाबत गैरसमज पुष्कळ आहेत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळी भांडी ओलांडायची सक्ती नसते. समोरचे भांडे मोकळे असेल तर थेट तिथे जावे, फक्त उलट्या दिशेने घुसू नये आणि कोणी डाव धरलेला असताना त्याच्या हाताखालून हात घालू नये. ऑम्लेटच्या काउंटरवर टेबलाचा क्रमांक सांगून परत बसण्याची सोय असेल तर तेच करावे. तिथेच उभे राहायचे असेल तर आधी आलेल्याचा पदार्थ उचलला जाणार नाही याची काळजी घ्यावी. दोन सारखी ऑम्लेटे निघतात आणि भांडण तिथेच होते.

टेबलाची गंमत वेगळी. दोघेही एकदम उठून वाढून घ्यायला गेलात की अर्धे प्यायलेले पेले पाहून वेटर टेबल आवरून टाकतो आणि परत येईपर्यंत तिथे दुसरे बसलेले असतात. काही ठिकाणी ‘टेबल व्यापलेले आहे’ असा छोटा फलक मिळतो, तो वर ठेवावा. नसेल तर रुमाल खुर्चीवर ठेवणे ही ‘परत येतोय’ची ओळखीची खूण आहे, काटा-चमचा प्लेटमध्ये शेजारीशेजारी समांतर ठेवणे म्हणजे ‘झाले, उचला’. जागा धरायला मोबाइल, पाकीट किंवा खोलीची किल्ली ठेवू नये.

किती घ्यावे? आधी एक फेरी नुसती बघून यावी, मग थोडे थोडे दोन-तीनदा घ्यावे. प्लेटमध्ये उरलेले अन्न कोणालाही देता येत नाही, ते टाकावेच लागते. ‘पैसे भरले आहेत’ हे कारण नाश्त्याच्या टेबलाशी वारंवार ऐकू येते. पण भरलेले पैसे खाण्याचे असतात, टाकण्याचे नसतात. हे या सगळ्या नियमांतले आम्हाला सर्वांत मनापासून पटणारे.

बाहेर नेण्याबाबत हॉटेले कडक का असतात ते समजून घेतले की राग येत नाही. बुफेचा भाव एक माणूस एका बैठकीत किती खाईल या अंदाजावर बसवलेला असतो, दुपारचा डबा त्यात धरलेला नसतो. दुसरे कारण तब्येतीचे. अंड्याचे सँडविच पिशवीत चार तास राहिले आणि पोट बिघडले, तर दोष हॉटेलावर येतो. हातात एक सफरचंद किंवा केळे घेऊन निघालात तर बहुतेक ठिकाणी कोणी अडवत नाही, पण विचारून घ्यावे. घरून आणलेला डबा भरणे, पाण्याच्या बाटलीत रस ओतून घेणे ही सरळ नियमाबाहेरची गोष्ट आहे. लहान मुलासाठी थोडे वर न्यायचे असेल तर सांगा, बरेचदा तेच कागदात बांधून देतात.

कपड्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. आंघोळीचा झगा, ओले पोहण्याचे कपडे, अनवाणी पाय आणि खोलीतल्या पांढऱ्या सपाता नको. स्पा असलेल्या काही हॉटेलांत झगा चालतो, तिथे तसे लिहिलेले असते. लहान मुलांना गरम पेयांच्या यंत्राकडे आणि झाकणाच्या भांड्यांकडे एकटे पाठवू नये. वाफेचे झाकण त्यांच्या चेहऱ्याच्या उंचीवर उघडते.

## मेनूवरून मागवणे

खोल्या कमी भरल्या असतील तर हॉटेले बुफे मांडत नाहीत आणि मेनूवरून किंवा ठरावीक ताटलीत नाश्ता देतात. बुफेच्या फोटोला भुलून बुकिंग केलेल्यांची इथे निराशा होते. गर्दी नसलेल्या दिवसांत जाणार असाल तर आधीच विचारावे.

दरात धरलेल्या मेनूच्या नाश्त्याला मर्यादा असते, उदाहरणार्थ एक मुख्य पदार्थ, एक गरम पेय आणि एक रस. दुसरी कॉफी फुकट की विकत, ताजा काढलेला रस दरात की फक्त डब्यातला, हे मागवण्यापूर्वी विचारण्यात कमीपणा नाही. हॉटेलाच्या संगणकात तुमच्या दराला नाश्त्याची ठरावीक रक्कम जोडलेली असते आणि त्यावर गेलेले सगळे आपोआप खोलीच्या बिलावर चढते. वेटरला बरेचदा हे त्या क्षणी दिसत नसते.

पथ्य असणाऱ्यांसाठी मात्र हीच तऱ्हा उत्तम. पदार्थ तुमच्यासाठी वेगळा होतो, त्यामुळे स्वयंपाकघराला बदल करता येतात. युरोपीय संघात १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती न बांधलेल्या अन्नाबाबतही द्यावी लागते, आणि हा नियम डिसेंबर २०१४ पासून लागू आहे. अमेरिकेत प्रमुख ॲलर्जीकारकांची यादी नऊची आहे. तिळाची भर २०२३ मध्ये पडली. पण बुफेवरचा फलक फक्त पदार्थात काय घातले ते सांगतो. मागच्या पाहुण्याने कोणता चमचा कुठे घातला ते सांगत नाही. गंभीर ॲलर्जी असेल तर बुकिंगमध्ये लिहावे, किमान एक दिवस आधी फोन करावा आणि पहिल्या सकाळी वेटरऐवजी स्वयंपाकघराच्या प्रमुखाशी बोलावे. ग्लुटेन चालत नसेल तर नुसता वेगळा पाव पुरत नाही, टोस्टरही वेगळा लागतो. काटेकोर शाकाहारी असाल तर ऑम्लेटच्या काउंटरवरचा तवा मांसाच्या तुकड्यांचाच असू शकतो, हे लक्षात ठेवून डोसा, बटाटा किंवा भाजी, जे काही तिथे परतून देत असतील ते धुतलेल्या तव्यावर मागावे. दह्याच्या डब्यांत जिलेटिन असू शकते. वेष्टनावर वाचता येते.

## खोलीत मागवणे आणि बांधून घेणे

दारावर अडकवायचे कार्ड असेल तर त्यावर पदार्थ, माणसे आणि पंधरा किंवा तीस मिनिटांचा वेळेचा टप्पा भरून रात्री ठरलेल्या वेळेआधी बाहेर लावायचे. उशीर झाला तर कार्ड उचलणारा माणूस पुढे गेलेला असतो. दरातला नाश्ता खोलीत आणून देतील का, ही बाब हॉटेलावर अवलंबून आहे. काही फक्त ट्रेचे शुल्क लावतात, काही पूर्ण नाश्त्याचे वेगळे बिल करतात. ‘नाश्ता दरात आहे, तर वर पाठवा’ एवढेच म्हणून फोन ठेवू नये. ‘वर पाठवल्यास वेगळे किती?’ हा प्रश्न त्याच फोनमध्ये विचारावा.

ट्रे येण्याआधी नीट कपडे घालून, टेबल रिकामे करून, ‘अडथळा आणू नये’ची पाटी काढून ठेवावी. टोस्ट झाकणाखाली आला तर वाफेने मऊ पडतो, म्हणून तो वेगळा, कागदी रुमालात द्यायला सांगता येते. झाल्यावर ट्रे दाराबाहेर मार्गिकेत ठेवण्यापेक्षा उचलायला फोन करावा. अंधारात कोणी अडखळते, आणि आग लागली तर तीच वाट पळण्याची असते.

पहाटे निघणाऱ्यांनी बांधलेल्या नाश्त्याबद्दल आदल्या संध्याकाळी, शक्यतो आठच्या आत, रिसेप्शनला सांगावे. रात्रपाळीच्या माणसाला पहाटे चारला सांगून उपयोग नाही, तेव्हा स्वयंपाकघर बंद असते. निघण्याची वेळ, माणसे आणि काय चालत नाही हे तिन्ही एकदम सांगावे. डब्यात साधारण सँडविच, फळ, केक आणि रस असतो. बुफेच्या तोडीचे काही नसते, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. विमान गाठायचे असेल तर रस आणि दही तपासणीआधीच संपवावे, कारण अनेक विमानतळांवर हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठा द्रव चालत नाही आणि दहीही द्रवात धरले जाते. दुसऱ्या देशात उतरणार असाल तर फळ आणि मांसाचे सँडविच विमानातच संपवा. अनेक देश ते आत आणू देत नाहीत आणि लपवले तर दंड करतात. अंडे किंवा मांस असलेले काहीही थंडाव्याशिवाय दोन तासांच्या पुढे ठेवू नये.

दोन रात्रींच्या मुक्कामात एक सकाळ पहाटेची असेल, तर आमचा कल नुसत्या खोलीकडे आणि उरलेल्या एका सकाळी दारात पैसे भरण्याकडे आहे. मुलांसह चार-पाच रात्री राहणाऱ्यांनी दरातलाच घ्यावा, मुलांची वये लिहून. एकट्या कामाच्या प्रवाशाला सकाळी वेळ कमी आणि भूक बेताची असेल तर बुफेचे पैसे वाया जातात. तिथे मेनूवरचा एक पदार्थ पुरतो.

## सोबतचे पाहुणे, दुसरी खोली आणि बिल

नाश्त्याच्या दारातली यादी खोलीनिहाय असते: क्रमांक, नाव, माणसे. दोन खोल्या घेतल्या आणि एकीलाच नाश्ता लावला, तर दुसऱ्या खोलीतल्यांनी पहिल्या खोलीचा क्रमांक सांगून बसणे हे चालत नाही आणि यादीवर ते लगेच दिसते. बुफे वाटून खाण्यासाठीही नसतो. एकाने पैसे भरायचे आणि दोघांनी त्याच प्लेटमधून खायचे, यावर वेटरने हटकले तर तो त्याचे काम करतो आहे.

गावातले नातेवाईक किंवा मित्र भेटायला आले आणि नाश्त्याला बसले तर त्यांचा नाश्ता दारातल्या पूर्ण भावाने लागतो. आधी सांगितले तर तो तुमच्या खोलीच्या बिलावर लावता येतो. खोलीत आलेल्या पाहुण्याची नोंद रिसेप्शनवर करावी लागते, अनेक ठिकाणी ओळखपत्रासह. रात्री ठरावीक वेळेनंतर त्यांना खोलीत थांबू देत नाहीत किंवा जादा माणसाचे पैसे लावतात. इमारत रिकामी करायची वेळ आली तर कोण आत आहे हे हॉटेलाला माहीत असावे लागते, हे त्यामागचे एक कारण आहे. म्हणून न सांगता तिसरा माणूस ठेवणे ही नुसती पैशांची लबाडी राहत नाही.

न खाल्लेल्या नाश्त्याचे पैसे परत मिळत नाहीत, हा जवळजवळ सगळीकडचा नियम आहे. मात्र हॉटेलाकडूनच नाश्ता झाला नाही, स्वयंपाकघर बंद होते, गरम बुफे लिहून पाव-लोणी दिले, अशा वेळी बिलातून वजावट मागण्याचा हक्क तुमचा आहे. ती मागणी त्याच सकाळी, बुकिंगचा कागद दाखवून, व्यवस्थापकाकडे करावी. चार दिवसांनी निघताना केलेल्या तक्रारीची खातरजमा करायला कोणी उरलेले नसते.

खोली घेतानाच विचारावे: किती माणसांचा नाश्ता नोंदला आहे, कुठे, किती वाजेपर्यंत? दुसऱ्या संकेतस्थळावरून बुकिंग केले असेल तर हे जास्तच गरजेचे, कारण तिकडच्या पानावर नाश्ता दिसतो आणि हॉटेलाच्या नोंदीत कधीकधी तो उतरत नाही. नाश्त्यानंतर सहीसाठी कागद आला तर त्यावरची रक्कम शून्य आहे की लावलेली आहे ते पाहूनच सही करावी. निघण्याच्या आदल्या रात्री बिलाची प्रत मागून घ्यावी. नाश्ता दरात असूनही तो रोज वेगळा चढला असेल तर रात्री शांतपणे दुरुस्त होतो. सकाळी आठला, मागे दहा माणसांची रांग असताना, तोच कर्मचारी घाईत चुकीची ओळ काढून टाकतो.